फिश टँकचं पाणी: किती दिवसांनी, किती आणि कसं बदलायचं

घाईत असलेल्यांसाठी आधी उत्तर. गोड्या पाण्याचा साधा टँक असेल, फिल्टर चालू असेल आणि माशांची दाटी नसेल, तर आठवड्यातून एकदा पाव टँक पाणी काढा आणि तेवढंच नवं भरा. टँक पूर्ण रिकामा करू नका, कधीच नाही.

दुकानात मात्र बहुतेकांना वेगळंच सांगितलं जातं. "महिन्यातून एकदा मासे बादलीत काढायचे, खडी धुवायची, काचा घासायच्या, नवं पाणी भरायचं आणि निळ्या औषधाचे चार थेंब टाकायचे." मलाही पहिला टँक घेताना हेच ऐकवलं गेलं होतं. यात अख्खा रविवार जातो, टँक दोन दिवस लख्ख दिसतो, मग पाणी दुधाळ होतं आणि एखादा मासा उलटा तरंगताना सापडतो. दुकानदार म्हणतो, "मासा कमजोर होता, दुसरा घ्या." मासा बहुधा ठणठणीत होता. त्याचं घर एका दिवसात उलथून टाकलं गेलं, ते त्याला झेपलं नाही.

१. पाणी बदलतो ते नेमकं कशासाठी?

माशाच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर पडत असतो. तळाशी पडलेलं खाणं, माशांची घाण, कुजलेलं पान यांतूनही शेवटी अमोनियाच तयार होतो. तो माशांना विषारी. पण चालत्या टँकमध्ये फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर जिवाणूंचा थर बसलेला असतो. त्यातले काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही घातक असतं, कारण त्यामुळे माशाच्या रक्ताला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही. नायट्रेट त्या मानानं सौम्य, पण ते साचत जातं. टँकमधल्या वनस्पती त्यातलं थोडं शोषतात, उरलेलं तुम्हाला बादलीनंच बाहेर काढावं लागतं.

यातून दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, पाणी काचेसारखं नितळ दिसत असलं तरी ते चांगलं असेलच असं नाही. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट यांतलं काहीच डोळ्यांना दिसत नाही. दोन, उपयोगी जिवाणू पाण्यात फारसे नसतात, स्पंजवर आणि खडीवर असतात. म्हणून पाणी बदलल्यानं ते जात नाहीत, पण स्पंज आणि खडी एकाच दिवशी नळाखाली खसाखसा धुतलीत तर सगळी व्यवस्था पुन्हा शून्यावर येते.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकतो. उन्हाळ्यात टँकचं पाणी दोन बोटं खाली जातं, आपण वरून तांब्याभर ओततो आणि पाणी बदलल्याचं समाधान मानतो. ते बदलणं नव्हे. आमटी आटवली की पाणी उडून जातं आणि मीठ भांड्यातच राहतं, तसं इथेही फक्त पाण्याची वाफ होते. क्षार आणि नायट्रेट टँकमध्येच राहतात. आधी काढायचं, मगच भरायचं.

२. टँकमध्ये किती लिटर पाणी आहे ते काढा

दुकानात टँक फुटांत विकतात आणि औषधाच्या बाटलीवर प्रमाण लिटरमध्ये असतं, त्यामुळे हा हिशेब एकदाच करून काचेच्या मागे चिकटवून ठेवा. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि १००० नं भागा. दोन बाय एक बाय एक फुटाचा टँक म्हणजे साधारण ६० गुणिले ३० गुणिले ३०, म्हणजे ५४ लिटर. वरची मोकळी जागा, खडी आणि दगड वजा केले की प्रत्यक्षात पाणी ४५ लिटरच्या आसपास भरतं. त्याचा पाव हिस्सा ११ लिटर, म्हणजे आंघोळीची एक बादली, तीही काठोकाठ नाही. एवढंच काम आहे. रविवार घालवायची गरज नाही.

३. सामान

- फक्त टँकसाठी ठेवलेल्या दोन बादल्या आणि एक मग. फरशी पुसायची बादली चालणार नाही, साबणाचा अंश पुरेसा असतो. घरातल्यांना कळावं म्हणून त्यावर मार्करनं मोठ्ठं "मासे" लिहा.
- सायफन पाईप. एका टोकाला रुंद नळी असलेला मिळतो, तोच घ्या.
- अँटीक्लोरीन, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन निकामी करणारं औषध. द्रव बाटलीत मिळतं, किंवा सोडियम थायोसल्फेटचे पांढरे खडे मिळतात.
- थर्मामीटर.
- अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा, जितका कमी तितकं आम्लधर्मी) तपासायचं किट. थेंबांचं किट पट्ट्यांपेक्षा भरवशाचं.
- जुना टॉवेल. लागतोच.

यात लोक किटवर पैसे वाचवतात आणि शोभेच्या प्लास्टिकच्या किल्ल्यावर घालवतात. उलट करा. किट वापरताना एक बारकावा: नायट्रेटच्या दोन बाटल्यांपैकी एकीच्या तळाशी बहुधा बारीक गाळ बसलेला असतो. ती सूचनेप्रमाणे जोरजोरात हलवली नाही तर रंग फिका येतो, नायट्रेट कमी दिसतं आणि आपण खुशीत राहतो.

४. तुमच्या नळाला येतं ते पाणी ओळखा

परदेशी व्हिडिओंमधला सल्ला आपल्याकडे इथेच फसतो, कारण त्यांच्या नळाचं पाणी आणि आपलं पाणी एक नाही. आपल्याकडे तर एकाच इमारतीत तीन प्रकारचं पाणी येऊ शकतं.

महापालिकेचं पाणी: यात क्लोरीन असतं. आपल्यासाठी ते चांगलं, पण माशांचे कल्ले त्यानं भाजतात आणि फिल्टरमधले जिवाणू मरतात. पाणी उघड्या बादलीत रात्रभर ठेवलं की साधं क्लोरीन बरंचसं उडून जातं, एअर पंपाचा दगड त्यात टाकून बुडबुडे चालू ठेवले तर लवकर जातं. क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) वापरलेलं असेल तर मात्र ते असं उडत नाही. म्हणून रात्रभर ठेवलेल्या पाण्यातही बाटलीवर दिलेल्या प्रमाणात अँटीक्लोरीन घालावं, असं माझं मत आहे. पावसाळ्यात पाणी गढूळ येतं तेव्हा क्लोरीनचा वास जास्त जाणवतो, त्या दिवसांत तर घालाच. बादली पातळ फडक्यानं झाका आणि दुसऱ्या दिवशी वापरून टाका. आठवडाभर पाणी साठवून ठेवलंत तर त्यात डासांची पैदास होईल.

सोसायटीची टाकी: वर्षातून एकदोनदा टाकी धुतात आणि ब्लीचिंग पावडर टाकतात. गेटवर तशी नोटीस दिसली की पुढचे दोन-तीन दिवस टँकला हात लावू नका.

बोअरवेल आणि टँकर: यात क्लोरीन बहुधा नसतं, पण पाणी जड असतं, म्हणजे त्यात क्षार जास्त असतात. बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो तोच पुरावा. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना जड पाणी मानवतं, उलट आवडतं. निऑन टेट्रा किंवा डिस्कससारख्यांना नाही. शेतीच्या पट्ट्यात बोअरच्या पाण्यातच नायट्रेट जास्त असू शकतं, म्हणून किट आणल्यावर पहिली चाचणी टँकची नाही, नळाची करा. नळालाच ४० पीपीएम (लिटरमागे ४० मिलिग्रॅम) नायट्रेट येत असेल तर कितीही बादल्या ओतल्या तरी टँकमध्ये त्याखाली उतरणार नाही.

एप्रिल-मेमध्ये कित्येक ठिकाणी अर्धा आठवडा नळ आणि अर्धा आठवडा टँकर असा कारभार असतो. पाण्याचा स्रोत बदलला असेल तर त्या आठवड्यात २५ ऐवजी १० टक्केच बदला, पण दोनदा बदला. माशांना जड पाण्याची सवय होते, हलक्याचीही होते. एका दमात झालेला बदल मात्र सोसत नाही.

आणि आरओचं पाणी? "आपण पितो ते शुद्ध, मग माशांनाही तेच" हा विचार प्रेमाचा आहे, पण चुकीचा. आरओमधून क्षार निघून जातात. नुसत्या आरओच्या पाण्यात पीएच सांभाळणारं काही उरत नाही आणि तो अचानक घसरू शकतो. पाणी फारच जड असेल तर नळाच्या पाण्यात थोडं आरओ मिसळा आणि दर वेळी तेच प्रमाण ठेवा.

५. किती दिवसांनी, ते तुमचा टँक सांगेल

पाव टँक दर आठवड्याला ही सुरुवात झाली. पुढे आकडा तुमच्या माशांवर ठरतो, आणि तो काढायची रीत सोपी आहे. पाणी बदलल्यानंतर नायट्रेट मोजा. सात दिवसांनी, पुढचं पाणी बदलण्याआधी, पुन्हा मोजा. फरक म्हणजे आठवड्याची वाढ.

समजा वाढ १० पीपीएम आहे आणि नळाच्या पाण्यात नायट्रेट नाही. दर आठवड्याला १० टक्केच पाणी बदलत राहिलात तर नायट्रेट चढत चढत १०० वर जाऊन थांबेल. २५ टक्के बदललंत तर ४० वर थांबेल, ५० टक्के बदललंत तर २० वर. आठवड्याच्या वाढीला बदलाच्या हिश्श्यानं भागायचं, बस. साध्या टँकमध्ये पाणी बदलण्याआधीचा आकडा ४० च्या खाली असावा, २० च्या आसपास असेल तर उत्तम. "मी दर आठवड्याला एक तांब्या बदलतो" म्हणणाऱ्यांचे मासे वर्षभरानं मलूल का होतात, ते या भागाकारात दिसतं.

दोनदा २५ टक्के बदलणं म्हणजे ५० टक्के नव्हे, हेही लक्षात असू द्या. दुसऱ्या वेळी तुम्ही काही प्रमाणात नवंच पाणी काढून टाकता. हिशेब जवळपास ४४ टक्क्यांवर येतो. तरीही माशांना तेच सुखाचं, कारण दर वेळचा धक्का लहान असतो.

किट येईपर्यंत अंदाज हवा असेल तर हे घ्या. दोन फुटी टँकमध्ये आठ-दहा गप्पी किंवा टेट्रा: आठवड्याला २५ टक्के. खऱ्या वनस्पती भरपूर आणि मासे मोजके: दोन आठवड्यांनी एकदा चालतं. गोल्डफिश मात्र खादाड आणि घाण करणारा मासा. लहान असले तरी दोन गोल्डफिशना आठवड्याला ४० ते ५० टक्के, आणि मोठे झाल्यावर दोन फुटी टँक पुरणारच नाही. दिवाणखान्यात शुभ म्हणून ठेवलेला फ्लॉवरहॉर्न किंवा ऑस्कर: आठवड्याला निम्मं, दोन वेळांत विभागून. शुभ-अशुभाचं ज्याचं त्यानं पाहावं, पाणी मात्र वेळेवर बदलावं.

काचेच्या गोल भांड्यातला बेटा (फायटर मासा) किंवा गोल्डफिश हा प्रकार मला आवडत नाही, तरी घरात तो आलाच असेल तर पाच लिटरच्या बिनफिल्टरच्या भांड्यातलं एक तृतीयांश ते निम्मं पाणी दर दोन दिवसांनी बदलावं लागेल. महिनाभर हे करून पाहा, तुम्हीच वीस लिटरचा टँक आणि स्पंज फिल्टर घेऊन याल. हे बेटाबद्दल, गोल्डफिशला तेवढा टँकही पुरणार नाही.

६. प्रत्यक्ष पाणी बदलताना

अ) आदल्या रात्री बादली भरून ठेवा. उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी हाताला चटका देतं, तेव्हा पहाटे किंवा रात्री उशिराच भरा. थंडीत पुणे-नाशिककडे सकाळचं पाणी बर्फगार असतं. पातेल्यात थोडं गरम करून बादलीत मिसळा. थर्मामीटर दोन्हीकडे बुडवा. फरक एक-दोन अंशांपेक्षा जास्त नको.

आ) हीटर बंद करून पंधरा-वीस मिनिटं थांबा. तापलेला हीटर पाण्याबाहेर उघडा पडला तर त्याची काच तडकते. मग फिल्टर बंद करा. ओल्या हातानं प्लगला हात नको. टँकमधून येणाऱ्या वायरला बोर्डाच्या खाली झोल द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी सॉकेटात न जाता खाली ठिबकेल.

इ) काच आधी पुसा, पाणी नंतर काढा. म्हणजे सुटलेलं शेवाळ पाण्याबरोबर निघून जातं.

ई) बादली टँकपेक्षा खाली ठेवा. पाईप तोंडानं ओढू नका. पूर्ण पाईप टँकमध्ये बुडवून आतली हवा जाऊ द्या, एक टोक अंगठ्यानं दाबून बाहेर काढा आणि बादलीत सोडा. दुसरं टोक, रुंद नळीचं, खडीत उभं खुपसा. खडी नळीत उसळते, गरगर फिरते, तिच्यातून तपकिरी गाळाचा लोट वर चढतो आणि खडे जड म्हणून परत खाली बसतात. नळीतलं पाणी स्वच्छ दिसू लागलं की नळी उचलून दोन इंच पुढे. पाईप चिमटीत दाबून प्रवाह हळू करता येतो, लहान गप्पी जवळ घुटमळत असतील तर तसं करा. या वेळी डावी बाजू, पुढच्या वेळी उजवी. अख्खी खडी एका दिवसात साफ करायची नसते.

उ) बादलीत काढलेलं टँकचंच पाणी मगभर घेऊन त्यात फिल्टरचा स्पंज दोन-चारदा पिळा. महिन्यातून एकदा, किंवा फिल्टरची धार बारीक झाली की. तो पांढराशुभ्र व्हायला नको, त्यातून पाणी जायला हवं एवढंच. नवा स्पंज घालायची वेळ आली तर जुना आणि नवा काही आठवडे शेजारी शेजारी राहू द्या.

ऊ) नव्या पाण्यात अँटीक्लोरीन घालून ढवळा. बादलीत घालत असाल तर प्रमाण बादलीच्या लिटरचं. नळाचा पाईप थेट टँकमध्ये सोडत असाल तर आधी औषध टँकमध्ये घाला, आणि तेही पूर्ण टँकच्या हिशेबानं.

ए) खडीवर एक स्वच्छ ताटली ठेवा आणि मगानं त्यावर हळूहळू पाणी ओता. खडीत खड्डा पडत नाही, रोपं उपटून वर येत नाहीत.

ऐ) फिल्टर सुरू करा आणि धार येईपर्यंत तिथून हलू नका, कधी कधी मोटर हवा धरते आणि नुसती घुरघुरत राहते. पाणी पातळीला आलं की मगच हीटर.

पुढचा अर्धा तास माशांकडे लक्ष असू द्या. ते पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करू लागले, कल्ले भराभर हलवू लागले किंवा टँकबाहेर उडी मारू पाहत असतील तर क्लोरीनचा संशय घ्या. लगेच पूर्ण टँकच्या प्रमाणात अँटीक्लोरीन घाला आणि एअर पंप जोरात सोडा.

काढलेलं पाणी मोरीत ओतू नका, कुंड्यांना घाला. नायट्रेट हे झाडांचं खतच आहे. फक्त टँकमध्ये मीठ किंवा औषध घातलं असेल त्या वेळी नको.

७. टँक नवा असेल तर

वरचं वेळापत्रक जिवाणूंचा थर बसलेल्या टँकचं आहे. नव्या टँकमध्ये जिवाणू तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्या काळात आधी अमोनिया चढतो, मग नायट्राइट. दुकानातून टँक, मासे, खाणं सगळं एकाच दिवशी उचलून आणलं असेल, आणि बहुतेकांचं तसंच होतं, तर रोज किंवा दिवसाआड चाचणी करा. अमोनिया किंवा नायट्राइट ०.५ पीपीएमच्या वर दिसलं की त्याच दिवशी ३० ते ५० टक्के पाणी बदला. "इतक्यांदा बदललं तर जिवाणू कसे वाढतील?" असं लोक विचारतात. ते स्पंजवर वाढत असतात, वाढू द्या. खाणं एक दिवसाआड आणि चिमूटभर.

कुणाकडे निरोगी चालता टँक असेल तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजचा एक तुकडा मागून आणा आणि ओला ठेवूनच आपल्या फिल्टरमध्ये टाका. बाटलीतल्या कुठल्याही जिवाणूंपेक्षा माझा यावर जास्त विश्वास आहे. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाणी दुधाळ झालं तर घाबरून सगळं ओतून देऊ नका, चाचणी चांगली येत असेल तर ते आपोआप निवळतं.

८. कित्येक महिने पाणी बदललेलंच नसेल तर

हा सगळ्यात फसवा प्रसंग. भाड्याच्या घरात मागे राहिलेला टँक, मुलाचा उत्साह ओसरल्यावर कोपऱ्यात गेलेला टँक. मासे जिवंत असतात, पाणी पिवळसर असतं. आपण एका दिवसात निम्मं पाणी बदलतो आणि संध्याकाळपर्यंत मासे जातात. मग घरात ठरतं की पाणी बदललं म्हणूनच मेले, आणि पुन्हा कुणी बादलीला हात लावत नाही.

प्रत्यक्षात काय होतं? जिवाणू अमोनिया पचवताना पाण्यातली अल्कलिता, म्हणजे आम्ल झेलून पीएच सांभाळायची ताकद, खर्च होत जाते. नवं पाणी मिळालं नाही की पीएच उतरत जातो. आम्लधर्मी पाण्यात साचलेला अमोनिया बराचसा अमोनियमच्या रूपात राहतो, आणि ते माशांना फारसं बाधत नाही. त्यात तुम्ही आठाच्या आसपास पीएच असलेलं नळाचं पाणी ओतलंत की पीएच वर जातो आणि अमोनियमचा पुन्हा अमोनिया होऊ लागतो. पीएच ७ चा ८ झाला तर त्या विषारी अमोनियाचा वाटा जवळपास दहापट होतो.

तेव्हा अशा टँकची आधी अमोनिया आणि पीएच चाचणी करा. मग १० टक्के पाणी दिवसाआड, साधारण दोन आठवडे. खडी त्यानंतर, थोडी थोडी. घाई करायला जागा नाही.

९. गावाला जाताना

गणपतीला किंवा दिवाळीला आठवडाभर घर बंद राहणार असेल तर निघायच्या दोन दिवस आधी नेहमीइतकंच पाणी बदला. जास्त नाही, आणि निघायच्या सकाळी तर नाहीच, कारण काही बिघडलं तर पाहायला तुम्ही नसाल. निघताना चार दिवसांचं खाणं एकदम टाकायचा मोह आवरा. मोठे निरोगी मासे आठवडाभर उपाशी सहज राहतात. पिल्लं असतील तर मात्र कुणाची तरी सोय करावी लागते. न खाल्लेलं अन्न कुजून पाणी खराब करतं, आणि ते बदलायला घरात कोणी नसतं. शेजाऱ्यांना किल्ली देत असाल तर रोजचं खाणं कागदाच्या छोट्या पुड्यांमध्ये बांधून द्या आणि डबा कपाटात ठेवा, नाहीतर काकू मायेनं मूठभर टाकतात. त्यांना एवढंच सांगा: रोज एकदा फिल्टरची धार चालू आहे ना ते पाहा, लाइट जाऊन आली की फिल्टर पुन्हा सुरू झालाय ना ते पाहा, आणि त्या आठवड्यात घरात पेस्ट कंट्रोलवाल्याला येऊ देऊ नका.